नंबर देताना लोक काय म्हणतात

फोटोग्राफरचं काम एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातं. बारशाला जमलेल्या बायकांत किंवा ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत कुणीतरी विचारतं, "तुमच्या लग्नाचे फोटो कुणी काढले होते गं?" समोरची नंबर देते आणि नंबराबरोबर एक वाक्यही बोलते. "स्वस्तात करतात." "अल्बम वेळेवर देतात." "आमच्या आजीचा असा फोटो काढलाय की बघतच राहशील." फोटोग्राफीच्या व्यवसायाची ओळख म्हणजे हे वाक्य. लोगो, इन्स्टाग्रामचं पान, गाडीच्या काचेवरचं नाव या गोष्टी त्याच्या मागून येतात.

हे वाक्य आपण लिहून देऊ शकत नाही, ते लोकांच्या तोंडून यावं लागतं. पण ते कसं घडतं हे समजून घेता येतं, आणि त्यासाठी काय करायचं हेही ठरवता येतं. इथे उदाहरण लग्नाच्या फोटोग्राफीचं घेतो, कारण महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांतल्या बहुतेक स्टुडिओंचं वर्ष लग्नाच्या ऑर्डरींवर निघतं. पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर दुकानाचं भाडं निघालं तरी पुष्कळ.

सुरुवात चौकशीने करावी. नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला की तारीख आणि बजेट विचारण्याआधी विचारायचं, "माझा नंबर कुणी दिला? काय म्हणाले?" उत्तर त्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवायचं. एका सीझनमध्ये वहीची काही पानं भरतात. ती एकत्र वाचली की आज बाजारात आपली ओळख काय आहे ते दिसतं. पुष्कळांच्या वहीत दोनच गोष्टी सापडतात, स्वस्त आणि नात्यातले. यात कमीपणा काही नाही. मात्र या दोन्ही गोष्टी फोटोंबद्दल काहीच सांगत नाहीत. उद्या आणखी स्वस्त कुणी आला किंवा भाच्याने कॅमेरा घेतला की ऑर्डर गेली.

मग आपल्याच कामाकडे वळायचं. गेल्या दोन सीझनमधले मनापासून आवडणारे शंभरेक फोटो निवडून लॅबमधून 4 बाय 6 च्या साध्या प्रिंट काढाव्यात आणि खोलीभर जमिनीवर पसराव्यात. हे स्क्रीनवर करू नये. स्क्रीनवर एक फोटो आला की आधीचा डोळ्यांआड होतो, आणि इथे तर सगळे एकदम बघायचे आहेत. गिऱ्हाइकाला आवडलेले किंवा भरपूर लाइक मिळालेले म्हणून कोणतेही फोटो घेऊ नयेत. पैसे कुणीच दिले नसते तरी जे काढले असते, तेवढेच घ्यावेत.

जमिनीवरच्या या फोटोंत चार गोष्टी शोधायच्या. आपण माणसापासून किती अंतरावर उभे राहतो? उजेड कुठून घेतो, खिडकीतून, फ्लॅशचा की मांडवाच्या कडेचा? बटण केव्हा दाबतो, क्षण भरात असताना की तो ओसरल्यावर? आणि नवरा-नवरी सोडून आपली नजर कुणाकडे वळते? अंतराच्या प्रश्नाला पुरावाही मिळतो. लाइटरूमच्या लायब्ररीत मेटाडेटाच्या फिल्टरमध्ये फोकल लेंग्थचा रकाना लावला की कोणत्या फोकल लेंग्थवर किती फोटो काढले त्याची यादी समोर येते. ठेवलेल्या फोटोंतले बहुतेक 35 एमएमवरचे निघाले, तर तुम्ही माणसांच्या गर्दीत शिरणारे आहात. 70-200 लेन्सची लांबची टोकं भरलेली दिसली, तर तुम्हाला दुरून, नकळत टिपायला आवडतं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. अडचण येते ती आपली कोणती हे ठाऊक नसताना दुसऱ्याची उचलल्यामुळे.

अंतरपाटाचा प्रसंग घ्या. पाटांवर समोरासमोर वधू-वर, मध्ये अंतरपाट, मुलीच्या मागे मामा, हातात दिवा घेतलेली करवली, आणि भोवती मुठीत अक्षता धरलेले पाहुणे. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो आणि वाजंत्री सुरू होते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि फिरून होत नाही.

एक फोटोग्राफर दोघांच्या मधोमध बाजूला उभा राहतो. त्याला दोन्ही चेहरे एका बाजूने, खाली जाणारं कापड आणि वरून पडणाऱ्या अक्षता मिळतात. शटर 1/800 वर असेल तर अक्षतेचा दाणा न् दाणा हवेत थांबलेला दिसतो, 1/60 वर त्याच अक्षतांच्या रेघा होतात. हासुद्धा स्वभावाचाच भाग आहे, कुणाला सगळं थांबवायला आवडतं तर कुणाला हलतं ठेवायला. दुसरा फोटोग्राफर मुलाच्या खांद्यामागे जातो. त्याला एकच चेहरा मिळतो, पण कापड सरकताना मुलीच्या डोळ्यांत काय झालं ते सगळं मिळतं. तिसरा मात्र वधू-वरांकडे पाठ करतो. त्याच्यासमोर मुलीची आई असते. अक्षता टाकायला उचललेला तिचा हात वरच राहिलेला असतो. "आमच्या आजीचा असा फोटो काढलाय" हे वाक्य ज्याच्या वाट्याला येतं, तो बहुधा हा तिसरा असतो.

मात्र त्या घराला पहिला फोटो हवाच असतो. अंतरपाटाचा समोरचा फोटो नसलेला अल्बम कुणी स्वीकारणार नाही, आणि तसा आग्रह धरण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. म्हणून जाणते लोक हक्काच्या फोटोसाठी एक माणूस पक्का नेमतात आणि आपल्या जागी आपण उभे राहतात. एकटेच असलात तर सीमांतपूजन, हळद, सप्तपदी, पाठवणी या प्रत्येक विधीत आधी हक्काचे दोन फोटो घ्यायचे आणि मग आपल्या जागी जायचं. तुमची ओळख या नंतरच्या फोटोंत तयार होते.

आपली जागा सापडल्यावर तिच्यावर धंदा उभा राहील का, हा प्रश्न उरतो. इथे आपल्याकडच्या जुन्या माणसांकडे बघावं. लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. फोटोग्राफीचा नाद वाढला तशी त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. संस्थानिकांचे रुबाबदार फोटो तेव्हा इतरही काढत होते. दीनदयाळांनी 1892 मध्ये हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचं काम एका इंग्रज बाईंकडे सोपवलं. पुरुष फोटोग्राफरसमोर येऊ न शकणाऱ्या बायकांना आपला फोटो काढून घेता येऊ लागला. म्हणजे कुणाचे फोटो निघत नाहीत, हे त्यांनी आधी बघितलं. 1896 मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. त्या काळी फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत आणि पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव छापलेलं असे. जुन्या घरांतले फोटो उलटून बघितले तर ती नावं अजून वाचता येतात.

दुसरं नाव मुंबईच्या मित्तर बेदींचं. सुरुवातीची वर्षं त्यांनीही समारंभांची, मिळतील ती कामं केली. 1959 च्या सुमारास त्यांची गाठ आर्थर डी'आर्झियन या पोलाद आणि तेल कारखान्यांचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकाराशी पडली आणि बेदी औद्योगिक फोटोग्राफीकडे वळले. तो दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा काळ होता. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर इथे पोलादाचे कारखाने उभे राहत होते. उद्योगांना आपले अहवाल, कॅलेंडरं, जाहिराती छापायच्या होत्या आणि चिमण्या, नळ, टाक्या यांत सौंदर्य बघणारा माणूस हवा होता. बेदींनी तीच एक गोष्ट धरून ठेवली आणि भारतातल्या औद्योगिक छायाचित्रणाचं नाव म्हणून आजही त्यांचंच नाव घेतलं जातं. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी तसाच चेहरा हा विषय धरून ठेवला. 1997 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावही 'फेसेस' होतं. तिघांच्याही बाबतीत आवड आणि गरज एका जागी भेटली. आपल्या तालुक्यात अशी जागा कोणती असेल? वयस्क जोडप्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे नीट फोटो कुणी काढत नसेल. नोंदणी पद्धतीने, पंधरा माणसांत होणाऱ्या लग्नांकडे कुणी बघत नसेल. द्राक्ष किंवा हळद निर्यात करणाऱ्यांना मालाचे चांगले फोटो मिळत नसतील. जमिनीवरचे फोटो आणि गावातली गरज एकमेकांशी ताडून बघायला हवी.

आता हिशेब. बरेच फोटोग्राफर हा भाग टाळतात. माझ्या मते ओळखीचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

समजा, दोन कॅमेरे, लेन्स आणि फ्लॅश मिळून 5 लाखांची सामग्री आहे आणि ती पाच वर्षं चालेल. वर्षाला 1 लाख झाले. संगणक, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर यांचे 40 हजार. दुकानाचं भाडं महिना 8 हजार, म्हणजे 96 हजार. वीज आणि इंटरनेट 24 हजार. दुरुस्ती आणि विमा 30 हजार. घरखर्चाला महिना 40 हजार धरले तर 4 लाख 80 हजार. बेरीज होते 7 लाख 70 हजार. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो, आणि दाट लग्नतिथीला एकाच दिवशी तीन ठिकाणांहून बोलावणं येतं. एका माणसाला वर्षाकाठी नीट पार पाडता येतात अशी लग्नं चाळीस धरू. 7 लाख 70 हजार भागिले 40 म्हणजे दर लग्नामागे 19,250 रुपये. यात मदतनीसाची मजुरी, व्हिडिओवाला, प्रवास आणि अल्बमची छपाई धरलेली नाही. कर्जाचा हप्ता नाही आणि नफाही नाही.

आता 25 हजारांत फोटो, व्हिडिओ आणि करिझ्मा अल्बम असं पॅकेज देणाऱ्याचा विचार करा. त्याला चाळीसच्या ऐवजी ऐंशी लग्नं घ्यावी लागतात. एका लग्नाची निवड, रंगदुरुस्ती आणि अल्बमची मांडणी मनासारखी करायला तीन-चार दिवस लागतात. ऐंशी लग्नांना हे दिवस आणायचे कुठून? मग फोटो जातात बाहेरच्या डिझायनरकडे. तो शंभर स्टुडिओंची कामं एकाच साच्यात बसवत असतो, गुलाबांची चौकट, ढगांतून डोकावणारं जोडपं. त्यात चूक डिझायनरची नाही, त्यालाही दर पानामागे मोजकेच पैसे मिळतात. पण आईचा तो वर राहिलेला हात त्या साच्यात कुठेतरी कोपऱ्यात जातो. दर ठरवताना आपण एका लग्नाला किती दिवस देणार हे ठरवत असतो आणि आपली ओळख त्या दिवसांवर अवलंबून असते. उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि या सेवेवर 18 टक्के कर आकारावा लागतो. दरपत्रक करतानाच हा पल्ला लक्षात ठेवावा, म्हणजे पुढे गिऱ्हाइकाशी वाद होत नाहीत.

रंगदुरुस्तीच्या वेळी एक मागणी हटकून येते, "जरा गोरी करा." बहुतेक स्टुडिओंत ती विचार न करता पुरवली जाते. स्लायडर सरकवला की मुलगी उजळते, पण हळदीचा पिवळा रंग आणि चुड्याचा हिरवाही त्याबरोबर फिका पडतो. शिवाय शेजारी बसलेल्या वडिलांशी तिचा रंग जुळेनासा होतो. मला वाटतं, प्रत्येक फोटोग्राफरने या बाबतीत स्वतःचं धोरण ठरवावं आणि ते ऑर्डर घेतानाच सांगावं. हॉलच्या जांभळ्या एलईडीने चेहऱ्यावर आलेली छटा काढणं, डोळ्यांखालची जागरणाची सावली हलकी करणं हे आपलं कामच आहे. मुलीचा रंग बदलणं हे आपलं काम नाही. सावळ्या रंगावर बाजूने येणारा मऊ उजेड फार सुंदर दिसतो. खिडकीजवळ दहा मिनिटं मिळाली की हे तिला तिथल्या तिथे, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवता येतं. तो फोटो बघितल्यावर बहुतेक मुली गोरं करायला सांगत नाहीत. "मी आहे तशी दिसते" असं एखादी नवरी मैत्रिणीला सांगते, तेव्हा त्या वाक्याची किंमत कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त असते.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण एक गोष्ट नीट समजून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काम सांगणारा असतो. म्हणजे तुम्ही काढलेले लग्नाचे फोटो कायद्याने त्या घराचे होतात. ते आपल्या पानावर टाकायचे, दुकानात लावायचे, स्पर्धेला पाठवायचे, तर ऑर्डर फॉर्मवर तसं लेखी हवं. फॉर्मवर साध्या मराठीत एक परिच्छेद पुरतो. कोणते फोटो, कुठे, किती काळ वापरणार, आणि कुणाचा चेहरा नको असल्यास कळवावं. सही बहुधा मुलीचे किंवा मुलाचे वडील करतात, तरी नवरा-नवरीला वेगळं विचारावं. फोटोत चेहरा त्यांचा आहे. स्वतःहून, कुणाच्या ऑर्डरशिवाय काढलेल्या फोटोंचे मालक मात्र तुम्हीच असता, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीनंतरही 60 वर्षं टिकतो. म्हणून ओळख बांधायची असेल तर वर्षाकाठी काही काम स्वतःसाठी करावं. गावची जत्रा, ऊसतोडीची टोळी, आजोळचं घर, काहीही. ते कुणाच्याही परवानगीशिवाय निर्धास्त दाखवता येतं असं नाही. समोरच्या माणसाचा मान तिथेही राखायचा असतोच. पण ते काम संपूर्ण तुमच्या नजरेचं असतं.

नावाचा विचार या सगळ्यानंतर करावा. स्वतःच्या नावाने व्यवसाय केला तर लोकांना तुम्हीच यायला हवे असता, दुसरी टीम पाठवली की कुरबुर होते. वेगळं नाव घेतलं तर टीम वाढवता येते, पण त्या नावात तुमची नजर ओतायला वर्षं लागतात. एकट्याने, निवडक काम करायचं असेल तर स्वतःचं नाव बरं. चार जणांचा स्टुडिओ करायचा असेल तर वेगळं. नाव कोणतंही असो, ते मांडवातल्या गोंगाटात फोनवर एकदा सांगून कळायला हवं आणि इंग्रजीत टाइप करताना त्याची तीन स्पेलिंगं होऊ नयेत. साई, ओम, श्री ही नावं श्रद्धेची आहेत, पण त्याच नावाचे चार स्टुडिओ एका जिल्ह्यात असले की तुमची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. वेगळं नाव सापडलं तर ट्रेडमार्कच्या वर्ग 41 मध्ये नोंदवता येतं. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.

शेवटी उरतं ते ऑर्डर नाकारणं. सीझनच्या दिवसांत आलेलं काम परत पाठवणं जिवावर येतं, घर चालवायचं असतं. म्हणून सुरुवातीला सगळं नाकारू नये. आधी वर्षातली पाच कामं अशी घ्यावीत जी पूर्णपणे आपल्या पद्धतीने होतील, त्यांचे अल्बम स्वतः मांडावेत आणि दुकानात फक्त तेच ठेवावेत. दुकानात आलेलं माणूस जे बघतं तेच मागतं. पुढच्या वर्षी ती पाचाची आठ होतात. न घेतलेलं काम कुणाकडे द्यायचं हेही ठरलेलं असावं. ड्रोन आणि सिनेमॅटिक व्हिडिओ हवा असेल तर हा, स्टेजवर सहाशे पाहुण्यांचे फोटो न चुकता काढून हवे असतील तर तो. त्या त्या माणसाचा नंबर द्यावा, आणि देताना त्याच्या कामाबद्दल एक खरं वाक्य आपणही बोलावं. गावातले फोटोग्राफर एकमेकांना असे नंबर देऊ लागले की दर पाडण्याची चढाओढ थोडी सैल होते, आणि दाट तिथीला कुणाचा कॅमेरा ऐन वेळी बंद पडला तर दुसरा आपला कॅमेरा घेऊन मांडवात हजर होतो.